नोंद का अडकली हे विचारू नका, अडकलेला कागद मागा

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील वारल्यावर सातबाऱ्यावर वारसांची नावं लावण्यासाठी तलाठ्याकडे अर्ज दिला. आठ महिने झाले, नोंद नाही. म्हणून माहितीच्या अधिकारात अर्ज केला आणि तीन गोष्टी विचारल्या: नोंद अजून का झाली नाही, याला जबाबदार कोण, आणि नोंद कधी होणार? अठ्ठाविसाव्या दिवशी उत्तर आलं: "मागितलेली माहिती प्रश्नार्थक स्वरूपाची असून कलम २(च) च्या व्याख्येत बसत नाही. सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे." आता पुढे काय करायचं?

हे उत्तर चीड आणणारं आहे, पण 'का' आणि 'कधी'पुरतं ते कायद्याला धरून आहे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्यात माहिती म्हणजे कार्यालयाकडे आधीच असलेला ऐवज: अभिलेख, टिपण्या, आदेश, परिपत्रकं, अहवाल, नोंदवह्या, ई-मेल, करार, नमुने. अधिकाऱ्याच्या मनातलं कारण यात येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००८ साली डॉ. सेल्सा पिंटो यांच्या प्रकरणात हेच सांगितलं: एखादी गोष्ट का केली किंवा का केली नाही याचं समर्थन जन माहिती अधिकाऱ्याकडे मागता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २०११ च्या आदित्य बंदोपाध्याय प्रकरणात म्हटलं की जी माहिती अस्तित्वात आहे ती द्यायची, नसलेली तयार करून देण्याचं बंधन नाही. मात्र त्याच निकालाने परीक्षार्थीला स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका बघण्याचा हक्कही दिला. उत्तरपत्रिका हा अस्तित्वात असलेला कागद आहे, 'मला कमी गुण का दिले' हा नाही. सगळी मेख एवढ्यातच आहे.

म्हणून वाक्य प्रश्नचिन्हाने संपलं की अर्ज फेटाळता येतो, असं मात्र नाही. "माझ्या अर्जाचा आवक क्रमांक काय?" हाही प्रश्नच आहे, पण त्याचं उत्तर नोंदवहीत लिहिलेलं आहे, ते द्यावंच लागतं. तुमच्या तीन प्रश्नांपैकी 'जबाबदार कोण' हा अर्धा असाच आहे. दोषी कोण ते अधिकारी ठरवणार नाही. पण अर्ज आज कोणत्या पदावरच्या माणसाच्या टेबलावर आहे हे अभिलेखावर असतं. कसोटी प्रश्नचिन्हाची नसून उत्तर कागदावर आहे की नाही याची आहे.

'का'साठी कायद्यात एक दार आहे, तेही सांगतो. कलम ४(१)(घ) प्रमाणे प्रशासकीय किंवा अर्धन्यायिक निर्णयाची कारणं त्या निर्णयाने बाधित झालेल्या माणसाला कळवणं हे कार्यालयाचं कर्तव्य आहे. तुमची नोंद नामंजूर झाली असती तर या कलमाचा आधार घेऊन कारणं मागता आली असती. तुमच्याकडे मात्र निर्णयच नाही, आठ महिन्यांचं मौन आहे, आणि मौनाला हे कलम लागू करणं अवघड. पुढे नामंजुरीचा आदेश आला आणि त्यात कारण नसलं, तर तेव्हा ते वापरा.

आता अडकण्याचं कारण कागदात कुठे उमटतं ते पाहू. त्यासाठी वारस नोंदीचा अर्ज कुठून कुठे जातो हे माहीत हवं. अर्ज येतो तो आवक नोंदवहीत चढतो (मोठ्या कार्यालयात याला बारनिशी म्हणतात). तलाठी, म्हणजे आताच्या पदनामाप्रमाणे ग्राम महसूल अधिकारी, मृत्यूचा दाखला, वारसांची नावं असलेलं शपथपत्र किंवा स्वयंघोषणापत्र पाहतो, गावात चौकशी करतो आणि गाव नमुना ६-क या वारसा नोंदवहीत नोंद घेतो. मंडळ अधिकारी त्या वारसांना मंजुरी देतो. त्यानंतर गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, क्रमांक पडतो. हितसंबंधितांना नमुना ९ ची नोटीस जाते आणि हरकतीसाठी १५ दिवस ठेवले जातात. हरकत आली तर प्रकरण नमुना ६-अ या विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत जातं आणि सुनावणी लागते. हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी फेरफार प्रमाणित करतो आणि सातबाऱ्यावर नावं चढतात.

प्रत्येक टप्प्यावर एक नोंदवही, एक पान, एक तारीख. कुठल्या पानापर्यंत कागद आहे आणि कुठल्या पानापासून नाही, एवढं कळलं की 'का'चं उत्तर समोर येतं. पुढचा अर्ज या हिशेबाने लिहायचा.

पण अर्ज लिहिण्याआधी अर्ध्या तासाचं काम मोबाइलवर करून घ्या. महसूल विभागाच्या 'आपली चावडी' या संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, गाव निवडलं की चालू फेरफारांच्या नोटिसा आणि त्यांची स्थिती दिसते. तुमच्या गट क्रमांकाचा फेरफार तिथे असेल, तर नोंद ६-क च्या पुढे गेलेली आहे. ई-हक्क या ऑनलाइन अर्जाच्या प्रणालीतून अर्ज केला असेल तर तिथल्या अर्ज क्रमांकावरही स्थिती कळते. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा १५ रुपयांत निघतो, तोही काढून ठेवा. कधी कधी नोंद झालेली असते आणि घरात जुनाच उतारा फिरत असतो.

दुसरी सोय फारशी कुणी वापरत नाही. राज्य शासनाच्या २६ नोव्हेंबर २०१८ च्या निर्णयाप्रमाणे जिल्हा पातळीवरच्या आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहू द्यायचे आहेत, माहिती अधिकाराचा अर्ज न करता. सोमवारी सुट्टी आली तर पुढच्या कामाच्या दिवशी. तहसीलला जाताना या निर्णयाची प्रत खिशात ठेवा आणि विचारून पाहा. दाखवलं तर महिनाभराची वाट वाचली, नाही म्हणाले तर अर्ज आहेच.

आता अर्ज. महाराष्ट्रात राज्य शासनाच्या कार्यालयासाठी जोडपत्र 'अ' चा नमुना आहे. नाव, पत्ता, विषय, कालावधी, तपशील, माहिती टपालाने हवी की समक्ष, आणि अर्जदार दारिद्र्यरेषेखालील आहे का, एवढंच त्यात भरायचं. २०१२ पासून राज्याच्या नियमांत दोन अटी आल्या: एका अर्जात एकच विषय, आणि मजकूर साधारण १५० शब्दांच्या आत. दोन विषय घातलेत तर अधिकारी पहिल्याचीच माहिती देऊन दुसऱ्यासाठी वेगळा अर्ज करा असं सांगू शकतो. 'वारस नोंद आणि शेजारच्याचं अतिक्रमण' असा जोड-अर्ज त्यामुळेच निम्मा परत येतो.

तपशिलाच्या रकान्यात असं लिहा:

विषय: मौजे ____, ता. ____, गट क्र. ____, वारस नोंदीचा माझा अर्ज, दि. ____, आवक क्र. ____.
कालावधी: वरील अर्जाच्या दिनांकापासून माहिती देण्याच्या दिनांकापर्यंत.
(१) वरील अर्जाची नोंद असलेल्या आवक नोंदवहीच्या पानाची साक्षांकित प्रत.
(२) या अर्जावरील संपूर्ण संचिकेची, टिपणी व पत्रव्यवहार दोन्ही बाजूंची प्रत.
(३) गाव नमुना ६-क व ६ मधील संबंधित नोंदींच्या प्रती.
(४) नमुना ९ च्या नोटिसा व त्या बजावल्याच्या पोचा.
(५) प्राप्त हरकती व नमुना ६-अ मधील नोंद.
(६) अभिलेखानुसार आज अर्ज ज्यांच्याकडे आहे त्यांचे पदनाम व तो त्यांना मिळाल्याचा दिनांक.
(७) या सेवेची विहित मुदत दर्शवणाऱ्या नागरिकांच्या सनदेच्या पानाची प्रत.
(८) वरील अभिलेखांची पाहणी करायची आहे; दिनांक व वेळ कळवावी.
जो अभिलेख उपलब्ध नाही त्याबाबत तसे मुद्देनिहाय लेखी कळवावे.

हे १५० शब्दांत बसतं. (संचिका म्हणजे फाइल.) यातली शेवटची ओळ कधीही गाळू नका. सरकारी भाषेत नसलेल्या माहितीला 'निरंक' म्हणतात आणि लोक निरंक उत्तर आलं की हिरमुसतात. खरं तर इथे तेच सगळ्यात मोलाचं. मुद्दा (१) ची प्रत मिळाली आणि ६-क निरंक आला, तर तुमचा अर्ज आवकेत चढून तलाठ्याच्या दप्तरातच पडून आहे. ६-क आहे पण ६ निरंक, तर मंडळ अधिकाऱ्याच्या मंजुरीपाशी थांबलंय. फेरफार क्रमांक पडलाय पण नोटिशीच्या पोचा निरंक, तर बजावणी झालेली नाही आणि म्हणून १५ दिवस मोजायला सुरुवातच झालेली नाही; बाहेरगावी राहणाऱ्या बहिणीचा पत्ता चुकीचा असणं हे याचं नेहमीचं कारण. आणि ६-अ चं पान हातात आलं, तर कुणीतरी हरकत घेतलेली आहे, जी बहुधा तुम्हाला कुणी सांगितलेली नाही. आणि आवक नोंदवहीतच तुमचा अर्ज सापडला नाही तर? तर आठ महिने तुम्ही ज्याची वाट पाहिलीत तो अर्ज सरकारदरबारी पोचलेलाच नाही. पोच नसलेल्या अर्जांचं असं होतं. तेव्हा नवा अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, सही घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

मुद्दा (६) मध्ये 'पदनाम' लिहिलंय, नाव नाही, ते मुद्दाम. नाव मागितलं की वैयक्तिक माहितीचा वाद उभा राहतो. वैयक्तिक माहिती नाकारायला 'आठ एक जे', म्हणजे कलम ८(१)(ञ), हे कार्यालयाचं आवडतं शस्त्र आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने या कलमाची भाषा आखडून 'वैयक्तिक माहितीशी संबंधित' एवढीच केल्यामुळे ते आणखी सहज उगारलं जातं. अर्थात कलम ८(२) अजून आहे: अपवादात बसणारी माहितीसुद्धा सार्वजनिक हित जास्त असेल तर देता येते. शिवाय तुमच्याच अर्जाची संचिका, तुमच्याविरुद्ध आलेली हरकत, यात तुम्ही पक्षकार आहात. कुणाचा आधार क्रमांक किंवा बँक खातं त्यात असेल तर तेवढं झाकून बाकीचं देता येतं. कलम १० त्यासाठीच आहे. हे वाक्य अपिलात उपयोगी पडेल.

अर्जात काय लिहू नये तेही पाहा. माहिती कशासाठी हवी हे सांगावं लागत नाही, कलम ६(२) तसं स्पष्ट म्हणतं; म्हणून वडिलांच्या आजारपणापासूनची कहाणी लिहू नका. धमकी नको, तक्रार नको, 'अन्यथा उपोषणास बसेन' तर मुळीच नको, कारण तक्रारीचा वास आला की अर्ज तक्रार म्हणून दुसऱ्या टेबलावर जातो. 'गेल्या दहा वर्षांतील गावातील सर्व फेरफारांच्या प्रती' असली मागणी केली तर कार्यालयाची साधनसामग्री प्रमाणाबाहेर वळते असं कलम ७(९) दाखवून बोळवण होते. खरोखर मोठा गठ्ठा बघायचा असेल तर प्रती न मागता पाहणी मागा. '४८ तासांत माहिती द्या' असंही अनेकजण लिहितात. ती मुदत जीवित किंवा स्वातंत्र्य धोक्यात असेल तेव्हाची आहे, जमिनीच्या नोंदीला ती लागत नाही आणि लिहिल्याने अर्जदार कच्चा आहे एवढंच दिसतं.

शुल्क १० रुपये. राज्याच्या कार्यालयाला कोर्ट फी स्टॅम्प अर्जावर चिकटवणं सगळ्यात सोपं. रोख भरलेत तर पावती घ्या. हाच स्टॅम्प केंद्राच्या कार्यालयाला, म्हणजे भविष्य निर्वाह निधी, टपाल, रेल्वे किंवा पासपोर्ट कार्यालयाला चालत नाही, तिथे १० रुपयांची भारतीय पोस्टल ऑर्डर लावायची. नोकरीतल्या प्रश्नांचे कितीतरी अर्ज एवढ्याच कारणाने परत येतात. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही, दाखल्याची प्रत मात्र जोडावी लागते. दोन्ही सरकारांची ऑनलाइन पोर्टल्स आहेत. नोंदणी क्रमांक आपोआप मिळतो हा त्यांचा मोठा फायदा. परदेशात राहणाऱ्या भावाला स्वतःच्या नावाने अर्ज करायचा असेल तर तो भारतीय नागरिक असायला हवा. हा अधिकार नागरिकांचा आहे. त्याच कारणाने संस्थेच्या लेटरहेडवरही अर्ज करू नका, स्वतःच्या नावाने करा.

अर्ज पदाला करायचा: 'जन माहिती अधिकारी', आणि पुढे कार्यालय. सजाच्या, म्हणजे तलाठ्याच्या कार्यक्षेत्राच्या, पातळीवर तलाठी आणि तहसीलला नायब तहसीलदार ही सर्वसाधारण रचना असते. नेमकं कोण आणि त्याच्यावरचा प्रथम अपिलीय अधिकारी कोण, हे कार्यालयाबाहेरच्या फलकावर असायलाच हवं. चुकीच्या कार्यालयात दिलात तरी अर्ज वाया जात नाही; पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडे पाठवायची जबाबदारी त्यांची. टपालाने पाठवायचा असेल तर स्पीड पोस्ट करा. १ सप्टेंबर २०२५ पासून जुनं रजिस्टर पोस्ट त्यातच मिसळलं आहे.

मग घड्याळ सुरू होतं. अर्ज मिळाल्यापासून ३० दिवस. इथे एक खाच आहे. विसाव्या-पंचविसाव्या दिवशी पत्र येतं: '४८ पानांचे प्रतिपान २ रुपयेप्रमाणे ९६ रुपये भरा.' हे पत्र निघाल्यापासून तुम्ही पैसे भरेपर्यंतचे दिवस ३० मध्ये धरले जात नाहीत. म्हणून ते आलं की दुसऱ्या दिवशी पैसे भरा. 'नंतर बघू' म्हणालात तर विलंब तुमच्या नावावर जमा होतो. आकडा अवाच्या सवा वाटला तर पानांचा हिशेब मागा आणि त्याविरुद्धही अपील करता येतं. ३० दिवस उलटून गेल्यावर शुल्काचं पत्र आलं तर कलम ७(६) प्रमाणे माहिती फुकट द्यावी लागते. तेवढं लिहून पाठवा, पैसे पाठवू नका.

पाहणीची तारीख मिळाली तर जरूर जा. प्रती मागवण्यापेक्षा पाहणी केव्हाही चांगली, कारण कुठला कागद मागायचा राहून गेला हे संचिका उघडल्यावरच कळतं. पहिला तास शुल्क नसतं. संचिकेला दोन बाजू असतात: एका बाजूला पत्रव्यवहार, दुसऱ्या बाजूला टिपणी. लोक पत्रव्यवहार चाळतात आणि उठतात. थांबायचं टिपणीवर. 'अर्जदाराने अमुक कागद सादर केलेला नाही', 'तोंडी सूचना दिली', 'चर्चा करावी' असल्या अर्ध्या ओळीतच आठ महिने दडलेले असतात. पाने क्रमांकित आहेत का ते पाहा. नसतील तर एकूण पाने मोजून तुमच्या टिपणात लिहा. हवी ती पाने क्रमांकासह लिहून द्या, पैसे तिथेच भरा, पावती घ्या. मोबाइलने फोटो काढायचा असेल तर आधी विचारा, उगाच त्यावरून वाद ओढवून पाहणी अर्धवट सोडावी लागू नये. शेवटी कागदावर 'आज दि. ____ रोजी पाहणी केली, अमुक नोंदवही दाखवण्यात आली नाही' असं लिहून आवकेत द्या.

संचिका 'सापडत नाही' असं उत्तर आलं तर ते उत्तर म्हणून स्वीकारू नका. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१३ साली विश्वास भांबुरकर प्रकरणात सांगितलं की जी माहिती कधीकाळी कार्यालयात होती ती आता मिळत नाही एवढं म्हणून सुटता येत नाही. शोध घ्यावा लागतो, चौकशी करून जबाबदारी ठरवावी लागते. तुम्ही अपिलात दोनच गोष्टी मागा: शोधमोहिमेचा लेखी अहवाल, आणि मूळ अर्जाच्या तुमच्याकडच्या पोचेवरून संचिका पुन्हा उभी करण्याचा आदेश. कागद गहाळ करणाऱ्याला महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ लागतो, याची आठवण अपिलात एका वाक्यात करून दिली की पुष्कळदा गठ्ठा सापडतो.

आता जुन्या, फेटाळलेल्या अर्जाचं. प्रथम अपिलाची मुदत उत्तर मिळाल्यापासून ३० दिवस. ती शिल्लक असेल तर जोडपत्र 'ब' मध्ये अपील करा, २० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. मात्र तीनही प्रश्नांवर भांडू नका. 'का' आणि 'कधी' सोडून द्या. अपिलात एवढंच म्हणा: 'जबाबदार कोण' यातला अभिलेखावर असलेला भाग, म्हणजे आज अर्ज ज्यांच्याकडे आहे त्यांचं पदनाम, द्यायला हवा होता, माहिती नाकारताना कलम ८ किंवा ९ चा अपवाद दाखवलेला नाही, आणि कलम ७(८) प्रमाणे अपिलाची मुदत व अपिलीय अधिकाऱ्याचा तपशील उत्तरात दिलेला नाही (तुमच्या पत्रात खरोखर नसेल तरच हे लिहा). अपिलाचा निकाल ३० दिवसांत, कारण नोंदवून फार तर ४५ दिवसांत लागायला हवा. वरचा नवा अर्ज मात्र अपिलाची वाट न पाहता आजच टाका. अपिलात मूळ मागणी बदलता येत नाही. वाईट लिहिलेला अर्ज अपिलात जिंकूनही हाती फारसं येत नाही. १० रुपयांचा नवा अर्ज त्यापेक्षा लवकर पोचतो.

नव्या अर्जालाही ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर त्या दिवसापासून अपिलाचे ३० दिवस सुरू होतात. लोक स्मरणपत्रं पाठवत बसतात आणि ही मुदत निघून जाते. कायद्यात स्मरणपत्र नावाचा प्रकार नाही. प्रथम अपिलाच्या सुनावणीला जाताना एका पानाचा तक्ता न्या: मुद्दा क्रमांक, काय मागितलं, काय दिलं, काय राहिलं. दहा मिनिटांच्या सुनावणीत अपिलीय अधिकारी तेवढंच वाचतो.

तिथेही निभावलं नाही तर राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील, जोडपत्र 'क', ९० दिवसांत. मुंबईत मुख्यालय आणि बृहन्मुंबई, कोकण, पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, अमरावती, नागपूर अशी खंडपीठं आहेत. तुमच्या जिल्ह्याच्या खंडपीठाकडे पाठवायचं. विलंबासाठी जन माहिती अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये दंड होऊ शकतो. पण तो फक्त आयोग करतो आणि पैसे सरकारजमा होतात. कलम १८ ची तक्रार आणि कलम १९ चं अपील यांची गल्लत करू नका. २०११ च्या मणिपूर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की तक्रारीत आयोग दंडाचा विचार करू शकतो, माहिती द्यायचा आदेश मात्र देऊ शकत नाही. तुम्हाला कागद हवाय, म्हणून अपीलच. आयोगाकडे प्रकरणं तुंबलेली असतात, तारीख लागायला वर्ष उलटणं नवलाचं नाही. त्यामुळे सगळा जोर पहिल्या अर्जाच्या शब्दांवर आणि पहिल्या अपिलावर लावा.

कागद हाती आला म्हणजे नोंद झाली असं नाही, हे मात्र बऱ्याच अर्जदारांच्या ध्यानात येत नाही. माहिती अधिकार कागद आणून देतो, काम करून देत नाही. काम व्हायला कागदात जे सापडलं त्याप्रमाणे वेगळं पाऊल लागतं.

एखादा कागद अपुरा असल्याची टिपणी निघाली तर वाद घालू नका, तो कागद पोच घेऊन द्या आणि टिपणीच्या पानाची प्रत सोबत जोडा. काहीच झालेलं नसेल, अर्ज नुसता पडून असेल, तर तहसीलदार आणि उपविभागीय अधिकारी यांच्याकडे लेखी तक्रार करा, या वेळी मात्र तक्रारीच्याच भाषेत. आधार २००५ चा महाराष्ट्राचा बदल्यांचे विनियमन व विलंबास प्रतिबंध कायदा, ज्याला सगळे दफ्तर दिरंगाई कायदा म्हणतात. त्यात एका कर्मचाऱ्याकडे संचिका सामान्यतः सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त थांबू नये आणि दुसऱ्या विभागाकडे जायची नसेल तर ४५ दिवसांत निर्णय व्हावा असं आहे. मुद्दा (६) च्या उत्तरातली तारीख इथे कामाला येते: अमुक पदनामाकडे अमुक तारखेपासून इतके दिवस. 'आठ महिने झाले हो' या रडगाण्यापेक्षा ही ओळ कितीतरी भारी. वारस नोंदीची सेवा लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अधिसूचित यादीत असेल तर त्याखालचं अपीलही करता येतं, त्यात दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंडाची तरतूद आहे.

हरकत निघाली तर प्रकरणाचा रंग बदलतो. आता ते अर्धन्यायिक झालं. दिरंगाई कायदा तिथे ताणू नका. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५० प्रमाणे विवादग्रस्त प्रकरणं शक्यतो एका वर्षात निकाली काढायची असतात. हरकतीची प्रत घ्या, सुनावणीची तारीख लेखी मागा, म्हणणं लेखी द्या. निकाल विरुद्ध गेला तर उपविभागीय अधिकाऱ्याकडे कलम २४७ खाली अपील, ६० दिवसांत. अशा वेळी आदेशाची प्रत माहिती अधिकारात मागू नका. पक्षकार म्हणून नक्कल अर्ज द्या, ती लवकर मिळते. वारसाबद्दलच मूळ तंटा असेल, म्हणजे दुसरं लग्न, दत्तक, मृत्युपत्र असं काही, तर महसूल अधिकारी तो कायमचा सोडवू शकत नाही. त्यासाठी दिवाणी न्यायालय आहे आणि तिथे वकील हवाच.

हीच रीत इतर ठिकाणीही लागू पडते, थोड्या फरकाने. बढती का नाकारली असं न विचारता विभागीय पदोन्नती समितीच्या इतिवृत्ताची तुमच्यापुरती प्रत आणि ज्येष्ठता यादी मागा. गृहनिर्माण संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना थेट माहिती अधिकाराचा अर्ज करून उपयोग नाही, कारण सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या थलप्पलम निकालानंतर सर्वसाधारण सहकारी संस्था 'सार्वजनिक प्राधिकरण' ठरत नाहीत. पण जी माहिती कायद्याने उपनिबंधक संस्थेकडून मिळवू शकतो ती उपनिबंधक कार्यालयाकडे मागता येते.

नोंद मंजूर झाल्यावर नवा सातबारा आणि ८-अ (खातेदाराच्या जमिनींचा उतारा) काढून प्रत्येक वारसाचं नाव अक्षर न् अक्षर तपासा, विवाहित मुलींची नावं राहिली नाहीत ना ते आधी. लेखनदोष असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदाराकडे दुरुस्तीचा अर्ज द्यायचा, सोबत ६-क ची तीच प्रत जोडून. म्हणून माहिती अधिकारात मिळालेल्या साक्षांकित प्रती नोंद झाली तरी फेकून देऊ नका.